घरच्या बेकिंगमध्ये वाया काय जातं आणि का

बेकिंगमधली नासाडी म्हटलं की अंड्याची टरफलं, बटर पेपरचे तुकडे आणि भांड्याला चिकटलेलं मिश्रण आठवतं. हे सगळं किरकोळ आहे. घरच्या बेकिंगमध्ये खरं वाया जातं ते दुसरंच: मधोमध बसलेला अख्खा केक, एका वाढदिवसासाठी उघडलेलं लिटरभर क्रीम, तिसऱ्या दिवशी कडक झाला म्हणून फेकलेला पाव. या सगळ्यांमागे बहुतेक वेळा एकच भानगड असते. रेसिपी दुसऱ्या कुणाच्या डब्याची, दुसऱ्या देशातल्या पाकिटाची आणि दुसऱ्याच हवेची असते. ती आपल्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी उतरवली की एक तर काहीतरी बिघडतं, नाहीतर काहीतरी उरतं.

बटरचंच बघा. अमेरिकन रेसिपीत ‘एक स्टिक बटर’ लिहिलेलं असतं. ती स्टिक ११३ ग्रॅमची. आपल्याकडचं छोटं पाकीट १०० ग्रॅमचं. म्हणजे वरच्या १३ ग्रॅमसाठी दुसरं पाकीट फोडायचं आणि उरलेलं बटर फ्रिजच्या दारात कांद्या-लसणाचा वास पीत पडून राहणार. त्यापेक्षा बटर १०० ग्रॅमच धरून बाकीचं सगळं ०.८८ ने गुणलं की काम झालं. २५० ग्रॅम मैदा असेल तर २२० घ्यायचा. आपलं बटर बहुतेक वेळा खारं असतं, तेव्हा रेसिपीतलं मीठही गाळायचं.

डब्याचा घोळ याहून मोठा. नऊ इंची आणि सहा इंची गोल डब्यात तीन इंचांचाच फरक दिसतो, पण मिश्रण मावतं ते तळाच्या क्षेत्रफळावर. नवाचा वर्ग ८१, सहाचा ३६. उंची सारखी धरली तर लहान डब्यात मोठ्याच्या ४४ टक्केच मिश्रण बसतं, निम्म्याहूनही कमी. बरेच जण ‘थोडं कमी करू’ म्हणून पाऊण रेसिपी करतात आणि मग मिश्रण तरी ओव्हनच्या तळावर सांडतं, नाहीतर वाटीभर उरतं. उरलेलं मिश्रण पहिला केक होईपर्यंत ओट्यावर ठेवलं तर त्यातल्या बेकिंग पावडरचा जोर ओसरत जातो आणि दुसरा केक बसका होतो. अशा वेळी थांबू नये. अप्पेपात्राला तुपाचा हात लावून, मंद आचेवर झाकण ठेवून तेवढ्या मिश्रणाचे गोड अप्पे लगेच उरकावेत.

डबा गोल नसेल, कुकरमधला असेल किंवा चौकोनी ॲल्युमिनियमचा असेल तर गणितात पडूच नका. डब्यात काठोकाठ पाणी भरा आणि ते मापाच्या भांड्यात ओतून मोजा. त्याच्या दोन तृतीयांश इतकं मिश्रण तुमच्या डब्याला लागतं. एकदा मोजलं की मार्करने डब्याच्या बाहेर लिहून ठेवावं, बाहेरून तळाला.

लहान कुटुंबासाठी मला सगळ्यात पटलेली पद्धत अंड्यापासून सुरू होते. पाउंड केकचं जुनं सूत्र असं: अंडी, बटर, साखर आणि मैदा, चारही समान वजनाचे. पूर्वी प्रत्येकी एक पाउंड घेत, म्हणून हे नाव. आपल्याला पाउंडभर कशाला लागतंय? एक अंडं फोडून वाटीत वजन करा. आपल्याकडचं अंडं टरफलाशिवाय साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. ४५ भरलं तर ४५ बटर, ४५ साखर, ४५ मैदा आणि पाव चमचा बेकिंग पावडर. १८० ग्रॅम मिश्रण झालं, चार छोटे कपकेक झाले, आणि ‘अर्धं अंडं कसं घेऊ’ हा प्रश्नच उरला नाही. सहा इंची, दोन इंच उंच डब्याला अशी तीन अंडी पुरतात. केक लहान झाला तर संपतो, आणि संपलेल्या केकचा कचरा होत नाही.

हे सगळं वजनकाट्याशिवाय जमत नाही. कपाने मोजणाऱ्यांना हे आवडत नाही, पण मैद्याचा एक कप म्हणजे नक्की किती हे मैद्यालाही ठाऊक नसतं. चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम, डब्यात बुडवून दाबून काढला तर १५० पर्यंत जातो. तीन कपांच्या रेसिपीत ९० ग्रॅम मैदा जास्त पडला की केक वीट होणारच. दोष मात्र ओव्हनला दिला जातो. शिवाय कप म्हणजे २४० मिलिलिटरचा, घरातला चहाचा नव्हे. बेकिंगसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर साचे, नोझल, फिरतं स्टँड हे सगळं राहू द्या. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या.

बिघडलेला केक

माप बरोबर असूनही केक बसला तर दोन संशयित. पहिला ओटीजीचा, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा डायल. त्यावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतंच असं नाही. १५-२० अंशांचा फरक असणं नवल नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. त्यावरून आपल्या ओव्हनचा स्वभाव एकदा कळला की पुढचे केक वाचतात. वर घुमट येऊन तडा जात असेल तर बहुधा आच जास्त आहे: कडा आधी घट्ट होतात, मधलं मिश्रण अजून वाढतच असतं. मग क्रीम लावण्यासाठी तो घुमट सुरीने कापायचा आणि ‘या तुकड्यांचं काय करू’ म्हणून विचारत बसायचं. तापमान १० ते १५ अंश कमी करा, किंवा जुन्या सुती साडीची पट्टी ओली करून, पिळून डब्याभोवती गुंडाळा. कडा सावकाश तापतात, केक सपाट फुगतो आणि कापायला काही उरत नाही.

दुसरा संशयित बेकिंग पावडर. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल शेजारी शेजारी असतात. ओल लागली की त्यांची प्रक्रिया सुरू होते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलेलं नसेल तर ती डब्यातच हळूहळू विझते. तपासणं सोपं आहे: पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर टाका, जोरात फसफसली तर जिवंत आहे. खायच्या सोड्यासाठी पाण्याऐवजी लिंबाचा रस. यीस्टसाठी कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि दहा मिनिटं. फेस आला नाही तर मैदा भिजवूच नका. दहा मिनिटांच्या या परीक्षेत अर्धा किलो मैदा वाचतो. पाणी बोटाला सुखद वाटेल इतपतच कोमट हवं, ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं.

इतकं करूनही केक दडस झाला तर? चव चांगली असेल तर केक रस्क करा. बोटभर जाड काप काढून जाळीवर मांडायचे आणि १४० अंशांवर, मध्ये एकदा उलटून, कडक होईपर्यंत वाळवायचे. अर्धा-पाऊण तास लागतो. बेकरीत मिळणारा केक रस्क म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला केकच असतो. कोरड्या केकला साखरेचा पातळ पाक पाजता येतो. तळ जळला असेल तर केक थंड झाल्यावर किसणीने काळा भाग खरवडून निघतो. कच्चा राहिलेला केक मात्र गरम असतानाच परत आत जायला हवा, थंड झाल्यावर नाही.

पाव शिळा होतो म्हणजे काय होतं

पाव वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी उडतं, असं बहुतेकांना वाटतं. फ्रेंच शास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी १८५२ सालीच दाखवलं होतं की पाणी उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो, आणि तोच पाव पुन्हा तापवला की मऊ होतो. पाणी पावातच असेल तर तो कडक का होतो?

उत्तर स्टार्चमध्ये आहे. भाजताना मैद्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची आतली शिस्तबद्ध रचना मोडते. म्हणून ताजा पाव लुसलुशीत. थंड होताना स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत यायला लागतात. त्यांच्यापैकी अमायलोज काही तासांतच घट्ट होतं. गरम पाव कापला की चिकट होतो आणि तासाभराने नीट कापला जातो, तो यामुळेच. अमायलोपेक्टिन मात्र दिवसेंदिवस सावकाश स्फटिक बांधत जातं आणि पाव कडक वाटायला लागतो. आतला ओलावाही हळूहळू सालीकडे सरकतो, म्हणून साल कुरकुरीत राहायच्या ऐवजी वातड होते.

गंमत अशी की हे स्फटिक सगळ्यात वेगाने बनतात ते शून्याच्या जरा वरच्या तापमानाला. म्हणजे नेमकं आपल्या फ्रिजमध्ये! पाव टिकावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवला की तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. उलट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ही हालचाल जवळपास थांबते. आणि शिळ्या पावाला ६० अंशांच्या वर तापवलं की ते स्फटिक पुन्हा वितळतात. तव्यावर झाकणाखाली, कडेने पाण्याचे दोन थेंब शिंपडून गरम केलेला पाव लुसलुशीत होतो तो म्हणूनच. मात्र असा पाव थंड झाला की आधीपेक्षा कडक होतो. खायचा तेवढाच तापवायचा.

पण बुरशीचं काय? विकतच्या ब्रेडमध्ये बहुतेक वेळा बुरशी रोखायला कॅल्शियम प्रोपिओनेट घातलेलं असतं, घरच्या पावात ते नसतं. जुलैतल्या दमट हवेत तो दोन-तीन दिवसांत हिरवा-काळा पडू शकतो. फ्रिज बुरशी लांबवतो आणि शिळेपण ओढवून घेतो. बाहेर ठेवला तर याच्या उलट. या कचाट्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे हिशोब करून वाटणी करायची. आज-उद्या लागेल तेवढा पाव बाहेर, बाकीचा त्याच दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, सुटा करून किंवा कापून, हवा काढलेल्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. ‘संपला नाही तर ठेवू’ असं म्हणून तिसऱ्या दिवशी गोठवलेला पाव तिसऱ्या दिवसाचाच राहतो. पूर्ण थंड होऊ देणं महत्त्वाचं, कारण कोमट पाव किंवा केक बंद डब्यात ठेवला की वाफेचं पाणी होऊन झाकणावरून टपकतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं.

पाव मुळातच जास्त दिवस मऊ राहावा यासाठी पूर्व आशियात एक युक्ती वापरतात. एकूण मैद्यातला थोडासा मैदा पाचपट पाण्यात किंवा दुधात आधी शिजवून घ्यायचा. ३०० ग्रॅम मैद्याचा पाव असेल तर त्यातला २० ग्रॅम मैदा १०० मिलिलिटर दुधात ढवळत ढवळत खिरीसारखा दाट होईपर्यंत गरम करायचा, आणि गार झाल्यावर उरलेल्या मैद्यात मळायचा. तेवढं दूध एकूण पाण्यातून वजा करायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. मोदकाची उकड काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: कच्च्या तांदळाच्या पिठात मुरणार नाही इतकं पाणी उकडीत मुरतं. दूध, तूप, अंडं यांनीही शिळेपण लांबतं, म्हणून लादीपाव टिकतो आणि नुसत्या मैदा-पाणी-मिठाचा पाव संध्याकाळीच रुसतो.

आणि तरीही उरलाच तर फोडणीचा पाव आहेच. कडक तुकडे भाजून चुरा करून ठेवला तर कटलेटला महिनाभर पुरतो.

आंबवणाचं त्रैराशिक

सावरडो, म्हणजे यीस्टऐवजी मैदा-पाण्याच्या आंबवणावर फुगवलेला पाव, करणाऱ्यांच्या घरी वेगळाच कचरा असतो. आंबवणाला रोज खाऊ घालायचं म्हणजे जेवढं आंबवण तेवढाच मैदा आणि तेवढंच पाणी. १०० ग्रॅम आंबवणाचे एका खेपेत ३०० होतात, दुसऱ्या खेपेत ९००, तिसऱ्या खेपेत २७००. म्हणून प्रत्येक वेळी बरंचसं फेकून द्या असं रेसिपी सांगते. पण १०० ग्रॅमपासून सुरुवात करायला कुणी सांगितलं? १५-२० ग्रॅम आंबवण बाळगलं तरी पुरतं. पाव करायच्या आदल्या रात्री त्यालाच वाढवून घ्यायचं. आठवड्यातून एकदाच पाव होत असेल तर ते फ्रिजमध्ये झोपवून ठेवावं. थंड देशातल्या लोकांचं वेळापत्रक इथे चालत नाही. तिशीच्या वर पारा गेला की आंबवण चार-सहा तासांतच भुकेलं होतं आणि खाऊ घालण्याच्या खेपा वाढतात. पावाच्या कणकेचंही तेच. ‘दोन तास फुगू द्या’ हे मे महिन्यातल्या नागपूरला उद्देशून लिहिलेलं नसतं. तिथे घड्याळाकडे नको, कणीक दुप्पट झाली का तेवढं बघायचं. जास्त फुगून खाली बसलीच तर हलकी मळून पुन्हा आकार द्या, किंवा चपटी थापून पिझ्झ्याचा बेस करा.

उरलेलं आंबवण म्हणजे आंबलेला मैदाच. तांदळाचं पीठ, जिरं, मिरची घालून त्याची धिरडी होतात, आणि आंबोळीची चव माहीत असलेल्यांना ती आवडतात. गुलाबी किंवा नारिंगी छटा आली असेल, बुरशी दिसत असेल तर मात्र सगळं टाकायचं, वरचं काढून नाही. पूर्वीच्या बेकऱ्यांमध्ये आजच्या कणकेतला गोळा उद्याच्या कणकेत जायचा. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या सुरेवर पाव फुगवत. फेकण्यासाठी आंबवण वाढवणं ही त्यांना चैनच वाटली असती.

उघडलेलं पाकीट

नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम बहुधा लिटरच्या खोक्यात येतं. अर्धा किलोच्या केकला पाव लिटरच्या आसपास लागतं. एकदा वितळलं की ते पुन्हा गोठवू नये असं खोक्यावरच लिहिलेलं असतं. एका वाढदिवसासाठी ते आणणं म्हणजे पाऊण लिटर कुठे खपवायचं याची काळजी विकत आणणं. एकाच केकसाठी चॉकलेट गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) किंवा साधं बटरक्रीम बरं: हवं तेवढंच करता येतं. दुसरी नेहमीची फसगत म्हणजे २५ टक्के स्निग्धांशाचं पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटत बसणं. फुगून घट्ट उभं राहायला तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश लागतो. ते भाजीच्या रश्शाला ठेवा. खरं दुधाचं दाट क्रीम जास्त फेटलं जाऊन फाटलं तर घाबरू नका, आणखी पाच मिनिटं फेटा. लोणी आणि ताक वेगळं होईल.

अंड्याचा पांढरा भाग उरला तर फ्रीझरमध्ये महिनोन् महिने राहतो. पिवळा बलक तसाच गोठवला तर वितळल्यावर जेलीसारखा होतो, म्हणून त्यात चिमूटभर मीठ किंवा साखर फेटून मगच गोठवावा. पोर्तुगालमधल्या मठांत पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला आणि वाइन नितळ करायला वापरत, आणि उरलेल्या ढीगभर बलकांतून त्यांची गोड पक्वान्नं तयार झाली असं सांगतात. बलक, नारळाचं दूध आणि तूप घालून थरावर थर भाजलेली गोव्याची बेबिंका त्याच गोतावळ्यातली.

आपल्याकडची साखळीही कमी नाही. साय विरजली की लोणी आणि ताक. लोणी कढवलं की तूप आणि तळाशी बेरी. साखर घालून मुलांनी चाटायची ती बेरी म्हणजे तांबूस भाजलेले दुधाचे घन पदार्थ. नानकटाईच्या मिश्रणात दोन चमचे घातली तर जी खमंग चव येते ती कुठल्याही इसेन्सने येत नाही. ताक केकमध्ये जातं, सोड्याला लागणारं आम्ल त्यातून मिळतं. एक कप दाट आंबट ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो. ताक पातळ असेल तर सोडाही कमी, नाहीतर केकला साबणाचा वास येतो. पनीरचं उरलेलं पाणी पावाची कणीक मळायला चालतं, त्यातल्या दुधाच्या साखरेमुळे सालीला रंगही छान येतो.

आता एक अप्रिय गोष्ट. ‘उरलेल्यातून नवं’ या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. पन्नास ग्रॅम केकचा चुरा वाचवायला दोनशे ग्रॅम चॉकलेट आणि क्रीम घालून केक पॉप करायचे, हे वाचवणं कसलं? काळ्या पडलेल्या दोन केळ्यांसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, दोन अंडी आणि तासभर ओव्हन. तो ब्रेड कुणाला हवा होता म्हणून केला तर उत्तम, पण केळी वाचवण्यासाठी नको. केळ्यांची शिकरण करा, किंवा सोलून फ्रीझरमध्ये टाका आणि खरंच केक करायचा असेल त्या दिवशी काढा. विजेचाही विचार हवा. १५०० वॉटचा ओटीजी सलग तापत राहिला तर तासाला दीड युनिट. थर्मोस्टॅट मधून मधून बंद करतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण रिकामा ओव्हन तापवण्यात जाते ती वीज गेलीच. केक निघाला की लगेच नानकटाई आत जाऊ द्यावी, आणि ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या धगीत पावाचे तुकडे वाळायला ठेवावेत.

काही गोष्टी वाचवायच्याच नसतात. पावाच्या एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तेवढा तुकडा काढून बाकीचा खाऊ नका; सच्छिद्र पावात तिचे धागे न दिसता आतपर्यंत जातात. पाव मोडल्यावर आतून चिकट तार निघत असेल आणि अति पिकलेल्या अननसासारखा वास येत असेल तर तो बॅसिलस जातीच्या जिवाणूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात आणि उष्ण दमट दिवसांत वाढतात. असा पाव फेकून ओटा आणि भांडी व्हिनेगरने पुसावीत; पुढच्या कणकेत चमचाभर व्हिनेगर घातलं तर त्यांना आळा बसतो. खवट अक्रोड आणि खवट कणीकही टाकायचीच. गिरणीतून आणलेल्या कणकेत गव्हाच्या अंकुराचं तेल असतं, म्हणून ती मैद्यापेक्षा लवकर खवट होते आणि थोडी थोडीच दळून आणावी. चॉकलेटवर आलेला पांढुरका थर मात्र बुरशी नव्हे, तो चरबीचा किंवा साखरेचा असतो. वितळवून बिनधास्त वापरा.

भांडी धुताना आधी खरवडून घ्या. मैद्याचं मिश्रण सिंकमध्ये गेलं की पाइपमध्ये थर धरतं. कणकेचं भांडं गरम पाण्यात भिजवलं तर स्टार्च शिजून आणखी घट्ट बसतो, गार पाण्यात ते सहज सुटतं. टरफलं चुरून कुंडीत टाकता येतात, फक्त ती कुजायला फार वेळ घेतात. बटर आणि साखरेने माखलेला केक गॅलरीतल्या छोट्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, मुंग्या आणि उंदीर हमखास येतात. तो महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यावा. तुपकट झालेला बटर पेपर रद्दीत चालत नाही, पण नानकटाईखालचा कागद करपला नसेल तर दोन-तीनदा सहज वापरता येतो. आणि बटरच्या पाकिटाचा आतला कागद फेकण्याआधी केकच्या डब्यात सगळीकडून फिरवावा, वेगळं ग्रीसिंग लागत नाही.